यंत्रपक्षी आणि माणूस : फेलिनीचा कॅसानोव्हा

मागच्या व्याख्यानात आपण मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हानी'पाशी थांबलो होतो. लेपोरेल्लो हा नोकर मालकाच्या भानगडींची वही उघडतो आणि देशवार आकडे वाचून दाखवतो. इटली ६४०, जर्मनी २३१, फ्रान्स १००, तुर्कस्तान ९१ आणि स्पेनमध्ये १००३. एकूण २०६५. डॉन जुआन काल्पनिक असल्यामुळे त्याला असले आकडे परवडतात. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो मात्र खराखुरा होऊन गेला. जाकोमो कॅसानोव्हा, जन्म व्हेनिस, २ एप्रिल १७२५, मृत्यू बोहेमियातल्या डुक्स गावी, ४ जून १७९८. त्याच्या आत्मचरित्रातून अभ्यासकांनी स्त्रियांची संख्या मोजली आहे. ती शंभराच्या थोडी वर भरते. प्रौढ आयुष्याची चाळीसएक वर्षं धरली तर वर्षाला सरासरी तीन. एवढ्या भांडवलावर माणसाचं विशेषनाम युरोपातल्या सगळ्या भाषांत सामान्यनाम झालं, आणि आमच्याकडच्या वर्तमानपत्रांतही 'अमुक शहरातला कॅसानोव्हा गजाआड' असा मथळा लागू लागला. म्हणजे कीर्ती कशी बनते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तर फेदेरिको फेलिनीनं या माणसावर १९७६ साली चित्रपट काढला. त्याचं इटालियन नावच पाहा : 'इल कॅसानोव्हा दी फेदेरिको फेलिनी', म्हणजे फेलिनीचा कॅसानोव्हा. मालकी आधीच सांगून टाकली. 'हा तुमचा इतिहासातला गृहस्थ नव्हे, हा माझा आहे' असंच ते म्हणणं. आमचा आजचा मुद्दा या मालकीचाच आहे. एका होऊन गेलेल्या माणसाची दिग्दर्शकाला इतकी चीड येऊ शकते का, आणि आली तर ती योग्य कारणासाठी आली आहे का? चित्रपट थोर आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्यानं दिलेला न्यायनिवाडा आम्हांला मान्य नाही, आणि तो का नाही हे सांगण्यासाठीच हा तास.

आधी मूळ माणूस थोडक्यात. आईबाप दोघेही नट. आई झानेत्ता मुलाला आजीकडे सोडून नाटकमंडळ्यांबरोबर परदेशी फिरायची, पुढे ड्रेस्डेनच्या दरबारी रंगभूमीवर स्थिरावली. मुलगा पादुआला कायदा शिकला, मग पाद्रीपणाची वाट धरली, ती सोडून सैन्यात गेला, तेही सोडून थिएटरात व्हायोलिन वाजवलं. १७५५ साली व्हेनिसच्या इन्क्विझिटरांनी त्याला डोजेच्या राजवाड्याच्या शिशाच्या छपराखालच्या कोठडीत टाकलं. तिथून तो १७५६च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री छप्पर फोडून पळाला. पॅरिसमध्ये सरकारी लॉटरी उभी करण्यात त्याचा हात होता. होमरचं 'इलियड' त्यानं इटालियन पद्यात आणायला घेतलं होतं. १७७४ला व्हेनिसमध्ये परतायची परवानगी मिळाली, तर ज्या इन्क्विझिटरांनी कोंडलं त्यांच्यासाठीच त्यानं हेरगिरी केली. १७८३ला पुन्हा देशोधडीला लागला आणि शेवटची तेरा वर्षं काउंट वाल्डश्टाइनच्या वाड्यात ग्रंथपाल म्हणून काढली. तिथल्या नोकरचाकरांशी रोजची भांडणं, आणि उरलेल्या वेळात फ्रेंचमध्ये आत्मचरित्राचं लेखन. हस्तलिखित सुमारे ३७०० पानांचं आहे. २०१०मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते सत्तर लाख युरोंच्या घरात किंमत मोजून मिळवलं. काल्पनिक वाटावा असा हा ऐवज, पण अठराव्या शतकातले रस्ते, खानावळी, जुगाराचे अड्डे, घोडागाड्यांची भाडी, आजार आणि औषधं यांची इतकी जिवंत नोंद दुसरीकडे मिळणं कठीण. प्रेमप्रकरणं हा त्या ग्रंथाचा एक भाग आहे. उरलेला भाग पैसा, पत्ते आणि जेवण.

फेलिनीनं हा ग्रंथ वाचला आणि त्याला कंटाळा आला. हे त्यानं मुलाखतींतून लपवलेलं नाही. एखादा दिग्दर्शक कंटाळ्यातून चित्रपट करतो तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. चित्रपट कंटाळवाणा होतो, किंवा कंटाळा हाच चित्रपटाचा विषय होतो. इथं दुसरी गोष्ट घडली.

सुरुवात पाहा. व्हेनिसचा कार्निव्हल, रात्र, मुखवटे, दारूकाम. ग्रँड कॅनॉलच्या पाण्यातून दोरखंडांनी एका स्त्रीचं अजस्र मस्तक वर ओढलं जातंय. लोक व्हेनिसच्या बोलीत गाताहेत. ते पद्य आंद्रेआ झांझोत्तो या कवीकडून फेलिनीनं मुद्दाम लिहून घेतलं होतं. मस्तकाचे डोळे पाण्याबाहेर येतात, आणि दोर तुटतात. मस्तक परत खाली. देवता पूर्ण वर आलीच नाही, आणि उरलेला अडीच तास ती पाण्याखालीच आहे हे प्रेक्षकानं विसरायचं नाही.

पुढे कॅसानोव्हा एका बेटावर जोगिणीला भेटायला होडीनं जातो. समुद्र काळ्या प्लॅस्टिकच्या कापडाचा आहे, आणि तो प्लॅस्टिकचा आहे हे लपवायची तसदी कुणी घेतलेली नाही. सगळा चित्रपट रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत बांधलेल्या सेटवर झाला. खऱ्या व्हेनिसचं पाणी त्यात थेंबभरही नाही. आमच्या एका विद्यार्थ्यानं फार पूर्वी विचारलं होतं, 'सर, पैसे कमी पडले का?' कमी पडले नव्हते, उलट खर्च अफाट झाला होता. दानिलो दोनातीच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं ते काही काटकसरीबद्दल नव्हे. प्लॅस्टिक हा निर्णय आहे. ज्या माणसाला जगाचा स्पर्श कधी होतच नाही त्याच्याभोवतीचं पाणी ओलं कसं असेल?

आणि आता बेटावरचा प्रसंग. चित्रपटाची गुरुकिल्ली इथंच आहे, म्हणून आम्ही इथं जरा रेंगाळणार. जोगीण आणि कॅसानोव्हा एका दालनात भेटतात. भिंतीवर मासा चितारलेला, आणि माशाच्या डोळ्याच्या जागी छिद्र. छिद्रामागे फ्रेंच राजदूत बसून पाहतोय. कॅसानोव्हाला हे माहीत आहे. हा प्रसंग फेलिनीच्या मनचा नाही. आत्मचरित्रात राजदूत बेर्नीस असाच आडोशानं पाहतो. फेलिनीनं त्यात आपला पक्षी घातला. कॅसानोव्हा बरोबरच्या पेटीतून एक यांत्रिक पक्षी काढतो, किल्ली देतो, आणि पक्षी पंख हलवत वरखाली, वरखाली होऊ लागतो. निनो रोताचं संगीत त्या पक्ष्याच्या लयीत चालतं. त्याच लयीत नायकाची कसरत चालते, अंतर्वस्त्र अंगावर ठेवून, घाम गाळत, दंड मारणाऱ्या पैलवानासारखी. मादकपणाचा त्यात लवलेश नाही. ती सर्कस आहे.

आणि मग संपल्यावर? संपल्यावर हा गृहस्थ माशाच्या डोळ्याकडे तोंड करून आपली पात्रता सांगू लागतो. आपण साहित्यिक आहोत, आपल्याला विज्ञानाचं ज्ञान आहे, राज्यव्यवहारात उपयोगी पडू, फ्रान्सच्या दरबारी आपली शिफारस व्हावी. उत्तर येत नाही. राजदूत निघून गेलेला आहे.

मित्रहो, या एका दृश्यात सगळा माणूस आला. त्याला विद्वान म्हणून मान्यता हवी आहे. जग त्याच्याकडून फक्त खेळ मागतं. तो खेळ करून दाखवतो, या आशेवर की खेळ पाहायला आलेले भाषणालाही थांबतील. ते थांबत नाहीत. पुढचा प्रत्येक प्रसंग याच साच्यात आहे. पॅरिसमध्ये मादाम द्युर्फे या श्रीमंत म्हातारीला त्याच्या मंत्रतंत्राच्या आधारानं पुरुष म्हणून नवा जन्म घ्यायचा असतो. ययातीला मुलाचं तारुण्य हवं होतं, हिला देहच नवा हवा. तिलाही या माणसाची विद्वत्ता एका विशिष्ट कार्यापुरतीच लागते. रोममधल्या मेजवानीत त्याची रिगेत्तो नावाच्या गाडीवानाशी पैज लावली जाते, भोवती उमराव बसून मोजताहेत, आरडाओरडा चाललाय. कॅसानोव्हा जिंकतो आणि लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचवतात. पोळ्याच्या मिरवणुकीतला बैल यापेक्षा जास्त सन्मानानं चालतो.

हेगेलनं सांगितलंय की आत्मभानाला दुसऱ्या आत्मभानाकडून ओळख लागते, एकट्यानं माणूस माणूस होत नाही. सार्त्रनं त्याला दुसऱ्याच्या नजरेचा आयाम दिला. दुसरा आपल्याकडे पाहतो तेव्हा आपण वस्तू होऊ लागतो. त्याच्या ग्रंथातला कॅफेतला वेटर आठवा. जरा जास्तच चपळ, जरा जास्तच अदबशीर, कारण तो वेटर असण्याची भूमिका करतोय. फेलिनीचा कॅसानोव्हा हा कॅसानोव्हा असण्याची भूमिका करणारा माणूस आहे. त्याला या कामाचा आनंद होत नाही, तो कामावर हजर असतो. डोनाल्ड सदरलँडचं कपाळ वरपर्यंत भादरून, खोटं नाक आणि खोटी हनुवटी लावून फेलिनीनं त्याचा जो चेहरा बनवला आहे, तो अर्धा पुतळा आणि अर्धा पक्षी दिसतो. उरतात ते फक्त डोळे. ते बिचारे ओले असतात.

किर्केगार्दनं १८४३च्या 'आयदर / ऑर'मध्ये दोन मोहक पुरुष दाखवले आहेत. एक मोत्सार्टचा डॉन जोव्हानी, शुद्ध ऐंद्रिय वेग. तो विचार करत नाही, म्हणून तो संगीतातच व्यक्त होऊ शकतो. दुसरा, रोजनिशी लिहिणारा योहानेस. त्याला एकच स्त्री पुरते, कारण त्याचा आनंद डाव रचण्यात आहे. आमच्या मते फेलिनीनं तिसरा प्रकार दाखवला. याच्यात वेगही नाही आणि डावही नाही. याच्यात रियाज आहे. चावी दिली की सुरू होतो, चावी उतरली की थांबतो. बर्गसाँनं १९००मध्ये हास्यावर लिहिताना म्हटलं होतं की सजीवावर यंत्राचा थर चढला की आपल्याला हसू येतं. इथं सुरुवातीला हसू येतं, पण तासाभरानं ते तोंडातच राहतं, कारण थराखाली सजीव काही उरलंय का अशी शंका येऊ लागते.

हे यंत्राचं रूपक त्या शतकाला बाहेरून चिकटवलेलं नाही. व्होकाँसोनचं यांत्रिक बदक पॅरिसमध्ये लोकांनी १७३९च्या सुमारास पाहिलं. ते दाणे टिपायचं आणि पचवल्याचं सोंग करायचं. ला मेत्रीचा 'मनुष्य-यंत्र' हा ग्रंथ १७४८चा. झाके-द्रो पितापुत्रांच्या स्वित्झर्लंडमधल्या लिहिणाऱ्या आणि वाजवणाऱ्या बाहुल्या १७७४च्या. देकार्तनं जनावरांना यंत्र म्हटलं आणि माणसाला तेवढं वाचवलं होतं, पुढच्या शतकानं माणसालाही त्याच रांगेत उभं केलं. कॅसानोव्हा या बाबतीत आपल्या काळाचा पक्का नागरिक आहे. फेलिनीला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत फारसा रस होता असं नाही. पण ला मेत्रीवर यापेक्षा बोचरी टीका आम्ही विद्यापीठात चाळीस वर्षांत शिकवू शकलो नाही.

इथवर आम्ही फेलिनीच्या बाजूनं बोललो. आता आक्षेप.

पहिला आक्षेप आँरिएतविषयी. आत्मचरित्रातली ही सगळ्यांत सुंदर व्यक्तिरेखा. पुरुषवेषात फिरणारी, सुशिक्षित, चेलो वाजवणारी फ्रेंच स्त्री. चित्रपटात ती आहे, पार्माच्या प्रसंगात ती चेलो वाजवते आणि कॅसानोव्हा बागेत जाऊन रडतो. मग एका सकाळी ती निघून गेलेली असते. इथपर्यंत ठीक. पण आत्मचरित्रात यापुढे एक गोष्ट आहे. जिनिव्हातल्या सरायीत निरोपाच्या वेळी तिनं हिऱ्याच्या अंगठीनं खिडकीच्या काचेवर फ्रेंचमध्ये कोरून ठेवलं, की तू मलाही विसरशील. बऱ्याच वर्षांनी हा त्याच सरायीत उतरला आणि ती काच त्याच्या नजरेस पडली. म्हातारपणी लिहिताना तो आपण तिला विसरलो नाही हे कळवळून सांगतो. हे फेलिनीनं गाळलं. आम्हांला हे गाळणं अपघाती वाटत नाही. ती काच पडद्यावर आली असती तर या माणसाला स्मृती आहे हे कबूल करावं लागलं असतं. यंत्राला स्मृती नसते, त्याला फक्त आवृत्ती असते. सिद्धान्त वाचवण्यासाठी पुरावा दडवला. एखाद्या पीएच.डी.च्या प्रबंधात हे सापडलं असतं तर आम्ही प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला असता.

आणि मुख्य म्हणजे, जो माणूस थंडगार वाड्यात बसून तेरा-तेरा तास लिहीत ३७०० पानं भरतो, त्याला आठवणी नाहीत असं म्हणायचं कसं? चित्रपटात डुक्सचा म्हातारा दिसतो तो तरुण पाहुण्यांपुढे जुन्या धाटणीनं पद्य म्हणणारा आणि त्यांच्या खिदळण्याचा विषय झालेला. त्याची तसबीर कुणी संडासाच्या भिंतीवर विष्ठेनं चिकटवतं. त्याचा अपमान पुरेपूर दाखवला, पण त्याची लेखणी जवळजवळ दाखवलीच नाही. अपमानाचं ज्यानं साहित्य केलं त्याच्याकडून साहित्य काढून घेतलं आणि अपमान तेवढा ठेवला.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो उलट्या दिशेचा आहे. पहिल्यात आम्ही म्हणालो की फेलिनी फार कठोर झाला. आता म्हणतो की तो फार सौम्य झाला.

आत्मचरित्रात अशा गोष्टी आहेत ज्यांना मोहित करणं हा शब्द लागू पडत नाही. रशियात असताना, १७६५च्या सुमारास, त्यानं तेरा-चौदा वर्षांची एक शेतकऱ्याची मुलगी तिच्या बापाला रुबल मोजून विकत घेतली. तो हे सहज, व्यवहार म्हणून लिहितो. तारुण्यात, व्हेनिसच्या कार्निव्हलच्या दिवसांत, त्याच्या टोळीनं एका विणकराच्या बायकोला नवऱ्यापासून फसवून पळवलं आणि आळीपाळीनं तिचा भोग घेतला. तो हेही गंमत म्हणून सांगतो, आणि तिनं राग मानला नाही असं वर ठोकून देतो. तिचं म्हणणं अर्थातच कुणी लिहून ठेवलेलं नाही.

यातलं काहीही फेलिनीच्या चित्रपटात नाही. चित्रपटात काय आहे? जोगीण त्याला बोलावते. म्हातारी त्याला कामाला लावते. सभा त्याची पैज लावते. जवळपास प्रत्येक वेळी मागणी दुसऱ्याकडून येते, आणि हा पुरवठा करतो. बघता बघता सगळी सत्ता स्त्रियांच्या आणि प्रेक्षकांच्या हाती गेली, आणि हा बिचारा वेठबिगार झाला. त्याची थट्टा केली, त्याला कळसूत्री बाहुला केला, संडासाच्या भिंतीवर चिकटवला. पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. थट्टा ही शिक्षा वाटते, प्रत्यक्षात ती सुटका असते. हास्यास्पद माणसाकडून आपण हिशेब मागत नाही. विदूषकाला दंड कोण करतो?

हे केवळ एका चित्रपटापुरतं नाही म्हणून आम्ही त्यावर जोर देतोय. बलवान पुरुषाची रेवडी उडवली की त्याचा निकाल लागला असं मानायची सवय आपल्या नाटकांना, सिनेमांना आणि आपल्या ओसरीवरच्या गप्पांनाही आहे. गावातल्या अशा एखाद्या 'रंगेल' माणसाच्या गोष्टी सांगताना लोक त्याच्यावर हसतात, आणि त्या हसण्यात गोष्टीतली बाई हरवून जाते. ती कोण होती, तिचं पुढे काय झालं, हे विचारलं की मैफलीचा विरस होतो. आम्ही तो विरस बऱ्याचदा केलेला आहे आणि आजही करतोय.

'पण हा स्वप्नपट आहे, त्याला न्यायालयाचे नियम कशाला लावता?' असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की स्वप्नातही कुणाला चेहरा द्यायचा आणि कुणाला नाही हे ठरवलेलंच असतं. या चित्रपटात स्त्रियांचे चेहरे पाहा : रंगवलेले, फुगवलेले, पांढरे फेक, कुबड, विशाल देह, सुरकुत्या. '८½'मधल्या जनानखान्यापासून फेलिनी हा खेळ खेळत आला. नायकाची नजर वस्तू बनवते म्हणून दिग्दर्शकानं नायकाला झोडायचं, आणि दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यानं तेच करत राहायचं. कॅसानोव्हावरचा त्याचा राग आरशावरच्या रागासारखा आहे, असं आम्हांला नेहमी वाटतं. १९८०मध्ये त्यानं 'सिटी ऑफ विमेन' काढला, तेव्हाही तो त्याच आरशासमोर उभा होता.

तरीही या चित्रपटात दोन जागा अशा आहेत जिथं आमचे दोन्ही आक्षेप गप्प होतात, आणि म्हणूनच तो आम्ही आठ-नऊ वेळा पाहिला.

एक जागा लंडनची. सगळं गमावून कॅसानोव्हा थेम्समध्ये जीव द्यायला उतरतो, तेवढ्यात धुक्यात त्याला दोन बुटक्यांबरोबर चाललेली एक राक्षसी उंचीची बाई दिसते. तो तिच्यामागे जत्रेत जातो. तिथं देवमाशाच्या पोटात शिरून जादूचा कंदील पाहायची सोय आहे, त्यातली भयंकर चित्रं रोलाँ तोपोरची आहेत. नंतर रात्री तो त्या बाईच्या तंबूशी येऊन चोरून पाहतो. ती आंघोळ करतेय, बुटके तिच्याबरोबर पाण्यात खेळताहेत, ती काहीतरी अंगाईसारखं गुणगुणतेय. इथं छिद्राच्या या बाजूला कॅसानोव्हा आहे. त्या बाजूला जे चाललंय ते कुणासाठी करून दाखवलेलं नाही. पक्षी नाही, मोजणी नाही, पैज नाही. तो बाहेर जमिनीवर झोपी जातो. सकाळी उठतो तर जत्रा निघून गेलेली. कामाला, म्हणजे काम या पुरुषार्थाला, आपल्या परंपरेनं धर्म आणि अर्थ यांच्या शेजारी पाट मांडून बसवलं, हे आम्ही वर्गात अभिमानानं सांगायचो. त्या पाटावर बसण्याची पात्रता या माणसात एका रात्रीपुरती येते, आणि ती फक्त पाहण्यातून येते.

दुसरी जागा ड्रेस्डेनची. थिएटरातला खेळ संपलाय, लोक गेलेत. छतावरची प्रचंड झुंबरं खाली उतरवली जातात आणि नोकर मोठमोठ्या पंख्यांनी मेणबत्त्या विझवतात. अंधार जसा जसा चढतो तशी वरच्या एका बॉक्समधून म्हातारीची हाक येते. ती त्याची आई. बोलणं कोरडं होतं, तिच्या तक्रारी, त्याच्या बढाया. तिला जिना उतरवत नाही, म्हणून तो तिला पाठुंगळीला घेऊन बाहेर गाडीपर्यंत नेतो. गाडी निघून जाते. एवढंच. अख्ख्या चित्रपटात त्यानं उचललेलं हे एकच ओझं आहे, आणि त्याला प्रेक्षक नाहीत. आजीनं वाढवलेला, आईच्या नजरेसाठी आसुसलेला तो नटीचा पोर इथं एका क्षणात समजतो. या दृश्यासाठी फेलिनीला शंभर अपराध माफ करावेत असं कधी कधी वाटतं. आँरिएतची काच मात्र तरीही माफ होत नाही.

रोझाल्बा या यांत्रिक बाहुलीविषयी लोक नेहमी विचारतात, तेव्हा तेही सांगतो. व्यूर्टेम्बर्गच्या दरबारात भिंतींवर ऑर्गन वाजताहेत, सगळे पिऊन गोंधळ घालताहेत, आणि त्यात ही बाहुली. लेदा लोयोदिचे या नर्तिकेनं ती अशी उभी केली आहे की पहिली काही मिनिटं श्वास अडकतो. कॅसानोव्हा तिच्याशी नाचतो, अदबीनं बोलतो, तिला शय्येवर नेतो. बरेच समीक्षक म्हणतात, हे त्याचं एकमेव खरं प्रेम, यंत्राला यंत्र भेटलं. आम्हांला हे वाचन सोपं वाटतं. तो तिच्याशी इतका मृदू का आहे? कारण तिला डोळे आहेत, पण ती पाहत नाही. माशाच्या डोळ्यापासून सुरू झालेला त्याचा छळ इथं थांबतो. तिच्यासमोर कॅसानोव्हा असण्याची गरज नाही. शेवटच्या स्वप्नात गोठलेल्या ग्रँड कॅनॉलवर तो येतो, बर्फाखालून त्या बुडालेल्या मस्तकाचे डोळे वर बघताहेत, बाकीच्या स्त्रिया नाहीशा होतात, सोन्याच्या गाडीत पोप आणि आई बसलेत, आणि हा त्या बाहुलीबरोबर संगीतपेटीवरच्या जोडीसारखा गोल फिरत राहतो. इतिहासात व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७च्या मे महिन्यात नेपोलियनसमोर संपलं आणि हा पुढच्याच वर्षी गेला. ज्या शहरानं दोनदा हाकललं, ते शहरच आता उरलं नव्हतं. बर्फ म्हणूनच पटतो.

वेळ संपत आली आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. याच्या दोन आवृत्त्या मिळतात. इंग्रजीत सदरलँडचा स्वतःचा आवाज आहे, इटालियनमध्ये लुइजी प्रोयेत्तीचा. आम्ही इटालियन सुचवू. ओठ आणि आवाज यांच्यात जे किंचित अंतर राहतं, ते या माणसाला शोभतं. आणि त्यानंतर शक्य झाल्यास एत्तोरे स्कोलाचा १९८२चा 'ला न्युई द व्हारेन' पाहा. त्यात फेलिनीचा लाडका नट मास्त्रोयान्नी म्हातारा कॅसानोव्हा झाला आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत घोडागाडीतून प्रवास करणारा, थकलेला, पावडर फासलेला, बायकांशी सभ्यपणे बोलणारा आणि मध्येच लघवीसाठी गाडी थांबवायला लावणारा. फेलिनीच्या बाहुल्यानंतर हा म्हातारा बघितला की आँरिएतची काच कुठं गेली ते कळतं. ती स्कोलाकडे आहे, कोरलेली अक्षरं सोडून.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्यानं बोलावं, आमचा डावा कान हल्ली सुट्टीवर असतो.